दात पुढे आहेत, पण कोणाच्या तुलनेत?



विहारातल्या आमच्या आरोग्यवर्गात रक्तदाब, साखर, पाळीचा त्रास हे विषय नेहमीचे. पण अलीकडे आया मुलींना घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, हिचे दात पुढे आहेत, तार लावावी लागेल का? लग्नाच्या वेळी अडचण येईल का?" एका घरी मुलीच्या तारेसाठी बचत गटातून कर्ज काढले होते. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितले होते, "हिचे माप नॉर्मलपेक्षा जास्त आहे." मुलगी व्यवस्थित चावत होती, ओठ मिटत होते, हिरड्या निरोगी होत्या. दुसऱ्या घरी अगदी उलट. मुलाचे वरचे दात एवढे बाहेर की दोनदा पडून पुढच्या दाताचा तुकडा गेला, ओठ कायम उघडा. आजी म्हणाली, "आपल्याकडे सगळ्यांचे असेच असतात, बापाचेही होते." तो मुलगा दवाखान्यात गेलाच नव्हता.

या दोन्ही घरांचा प्रश्न एकच आहे. माप कोणाचे धरायचे? म्हणून या अंकात आम्ही तार कशी लावतात हे सांगण्याआधी चेहरा आणि जबडा मोजतात कसा, "नॉर्मल" हा आकडा आला कुठून, आणि वेगवेगळ्या समाजांच्या चेहऱ्यांची तुलना करतात त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे सांगणार आहोत. विषय थोडा जड आहे. सावकाश वाचा, शक्य तर मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

दातांची ठेवण सुधारणाऱ्या डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. ते चेहऱ्याचा बाजूने एक खास एक्स-रे काढतात, त्याला सेफॅलोग्राम म्हणतात. डोके हलू नये म्हणून दोन्ही कानांत हलक्या कांड्या बसवून डोके एका चौकटीत धरलेले असते. त्यामुळे दरवेळी फोटो सारख्याच अंतरावरून, सारख्याच बाजूने निघतो आणि वर्षभराने काढलेला फोटो आधीच्या फोटोशी ताडून पाहता येतो. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी ही पद्धत स्वतंत्रपणे मांडली.

फोटोवर डॉक्टर काही ठरावीक बिंदू काढतात. कवटीच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी बसते त्या खोबणीचा मध्य म्हणजे 'एस'. कपाळाचे हाड आणि नाकाचे हाड जिथे मिळते, डोळ्यांच्या मधोमध बोट ठेवले की खोलगट लागते, तो 'एन'. वरच्या जबड्याच्या पुढच्या कडेवर जी जागा सर्वांत आत वळलेली तो 'ए' आणि खालच्या जबड्याच्या तशाच जागी 'बी'. हे बिंदू रेषांनी जोडून कोन मोजायचे. एस-एन-ए हा कोन वरचा जबडा कवटीच्या मानाने किती पुढे आहे ते सांगतो, एस-एन-बी खालच्या जबड्याचे सांगतो, आणि दोहोंमधला फरक दोन जबडे एकमेकांच्या मानाने कसे आहेत ते सांगतो. अमेरिकन डॉक्टर स्टायनर यांनी १९५३ मध्ये दिलेले आकडे आजही दंत महाविद्यालयातले विद्यार्थी पाठ करतात : पहिला ८२ अंश, दुसरा ८०, फरक २. तुमच्या मुलीच्या फाईलवर "८५, ८०, ५" असे काही लिहिले असेल, तर ते हेच.

मोजण्याची ही पद्धत चांगली आहे, उपयोगी आहे. वाढत्या मुलाचा जबडा कोणत्या दिशेने वाढतोय, उपचाराने दात हलला की हाड, हे तिच्यामुळेच कळते. आमचा आक्षेप पद्धतीला नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. ८२ हा आकडा कोणाचा?

याच्याही थोडे आधी, १९४८ साली, विल्यम डाउन्स या अमेरिकन डॉक्टरांनी चेहऱ्याच्या मापांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. पुढे जगभरातल्या दंतवैद्यकाच्या वर्गांत तो शिकवला गेला. त्या तक्त्यामागे किती माणसे होती? वीस. बारा ते सतरा वर्षांची वीस गोरी मुले, दहा मुलगे आणि दहा मुली, सगळ्यांचे दात उत्तम जुळलेले. डाउन्स यांनी काही लपवले नाही, नमुना कोणता घेतला ते स्पष्ट लिहिले. पण तक्ता प्रवासाला निघाला की त्याची तळटीप मागे राहते. वीस गोऱ्या मुलांची सरासरी बघता बघता "मानवी चेहऱ्याचे प्रमाण" झाली. आणखी एक गोष्ट त्याच तक्त्यात आहे, ती फार कमी जण पाहतात. हनुवटी किती पुढे आहे ते सांगणारा चेहऱ्याचा कोन त्या वीस मुलांत ८२ पासून ९५ अंशांपर्यंत होता. सगळी एकाच गोऱ्या समाजाची, सगळ्यांचे दात उत्तम, तरी एकमेकांत तेरा अंशांचा फरक! सरासरी ८७.८ आली. पण ८२ वालाही निरोगी आणि ९५ वालाही निरोगी.

चेहऱ्याचा कोन मोजण्याची कल्पना मुळात दंतवैद्यांची नाही. अठराव्या शतकात पीटर कॅम्पर नावाच्या डच शरीरशास्त्रज्ञाने चित्रकारांना मदत म्हणून असा कोन काढला होता. त्याच्या हिशेबात युरोपीय माणसाचा कोन सुमारे ८०, आफ्रिकी माणसाचा सुमारे ७०, आणि ग्रीक पुतळ्यांचा १००. म्हणजे वरच्या टोकाला जिवंत माणूसच नाही, दगडाची मूर्ती आहे! खुद्द कॅम्पर सर्व माणसे एकाच मूळची असे मानणारा होता. पण त्याच्यानंतरच्या लोकांनी त्याच कोनाची शिडी केली आणि त्या शिडीवर माणसांच्या जमाती वर-खाली बसवल्या. जबडा पुढे म्हणजे बुद्धी मागे, असला मजकूर शास्त्र म्हणून छापला गेला. ज्यांना गुलाम करायचे होते, ज्यांच्या जमिनी घ्यायच्या होत्या, त्यांचेच जबडे बरोबर खालच्या पायरीवर निघाले. दातांच्या उपचाराचे आधुनिक शास्त्र उभे करणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल यांनीसुद्धा सुरुवातीला सुंदर चेहऱ्याचा आदर्श म्हणून अपोलो या ग्रीक देवाचा पुतळा समोर ठेवला होता. आजही सेफॅलोग्रामवर कानाच्या छिद्रापासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंत जी आडवी रेषा काढतात, ती १८८० च्या दशकात कवट्या मोजणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात ठरवलेली आहे. रेषा उपयोगी आहे, ती वापरावी. पण ती कोणत्या घरातून आली, हे ठाऊक असलेले बरे.

हे सगळे आपल्या वस्तीपासून फार लांबचे वाटेल. तर मग हर्बर्ट रिस्ली हे नाव लक्षात ठेवा. १९०१ च्या जनगणनेचा हा इंग्रज आयुक्त. याने हिंदुस्थानात माणसांची नाके मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, एवढाच हिशेब. उत्तर ७० च्या खाली आले तर नाक अरुंद, ८५ च्या वर गेले तर रुंद. आणि त्यावरून त्याने सिद्धांत मांडला की नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खाली. जात म्हणजे वंश, वरचे आर्य, खालचे दुसरे कोणी. दोन हजार वर्षांचा अन्याय फूटपट्टीने निसर्गाच्या नावावर चढवण्याचा हा प्रकार होता. पुढे इतर अभ्यासकांनी पाहिले तेव्हा उष्ण-दमट हवेच्या प्रदेशात नाके रुंद आणि थंड-कोरड्या प्रदेशात अरुंद आढळली. नाक श्वासाची हवा उबदार आणि ओली करते, हवेशी त्याचा संबंध असणारच. जातीच्या उतरंडीशी नाकाला काय देणेघेणे?

बाबासाहेबांनी हे माप सोडून दिले नाही, ते हातात घेऊन तपासले. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्येच त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया वंशाने एकच. फरक असेल तर तो प्रदेशाप्रदेशांत. जातिव्यवस्था वंश वेगळे ठेवण्यासाठी निर्माण झाली, हा युक्तिवाद त्यांनी तिथेच मोडला. पुढे १९४८ साली, योगायोगाने डाउन्स यांचा तक्ता निघाला त्याच वर्षी, 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांनी वेगळ्या वंशामुळे अस्पृश्यता आली का, या प्रश्नाला एक पूर्ण प्रकरण दिले. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी मांडलेली नाकांच्या मापांची आकडेवारी घेऊन त्यांनी प्रांताप्रांतात ब्राह्मण आणि अस्पृश्य शेजारी ठेवले. निष्कर्ष असा की मापे खरी मानायची तर दोघे एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. विरोधकाच्या हातातली पट्टी घेऊन त्याचाच हिशेब चुकलेला दाखवणे, ही बाबासाहेबांची रीत आपण दवाखान्यातही शिकली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या आणखी एका अभ्यासकाची आठवण इथे काढली पाहिजे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकत होत्या. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशवादाचे मोठे शास्त्री झाले. इरावतीबाईंना काम दिले होते कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक मोजण्याचे, आणि गुरूंची अपेक्षा होती की गोऱ्यांची कवटी वेगळी, म्हणजे श्रेष्ठ, निघेल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा वांशिक फरक दिसत नाही असे लिहून दिले. त्यांच्या नंतरच्या सगळ्या मतांशी आम्ही सहमत आहोत असे नाही. पण परदेशात, एकटीने, गुरूच्या तोंडावर खरा आकडा ठेवणे सोपे नव्हते.

आता परत दातांकडे.

१९५१ साली अमेरिकेतच कॉटन, ताकानो आणि वाँग या तिघांनी डाउन्स यांची मोजणी कृष्णवर्णीय, चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांवर करून पाहिली. दात नीट जुळलेली, निरोगी माणसेसुद्धा गोऱ्यांच्या तक्त्यात बसेनात. विशेषतः कृष्णवर्णीयांचे वरचे-खालचे दोन्हीकडचे पुढचे दात जास्त बाहेर झुकलेले होते. दोन्ही ओळी पुढे असण्याला दंतवैद्यकात एक लांबलचक नाव आहे आणि आजाराच्या यादीत ते लिहिले जाते. पण एखाद्या समाजातल्या निरोगी माणसांचे सर्वसाधारण ठेवणच तसे असेल तर त्याला आजार कसे म्हणायचे? त्यानंतर जगभर असे अभ्यास झाले. भारतातही उत्तर भारतीयांची मापे १९६९ साली प्रसिद्ध झाली, मग गुजराती, दक्षिण भारतीय, महाराष्ट्रीय असे करत अनेक आले. त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत एक गोष्ट सारखी दिसते : आपल्याकडच्या माणसांचे पुढचे दात आणि ओठ गोऱ्यांच्या सरासरीपेक्षा थोडे पुढे असतात आणि तरी चावणे, बोलणे, ओठ मिटणे व्यवस्थित असते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. दोन्ही ओळी मागे घ्यायच्या तर जागा लागते. ती करण्यासाठी बहुतेक वेळा चार उपदाढा, म्हणजे सुळ्याच्या मागच्या छोट्या दाढा, काढतात. चार निरोगी दात. ओठ खरोखरच मिटत नसतील, हिरड्या कोरड्या पडून सुजत असतील, किंवा त्या व्यक्तीला स्वतःलाच आपल्या चेहऱ्याचा त्रास होत असेल तर हा उपचार योग्य आहे आणि त्याचा गुणही येतो. पण केवळ आकडा ९० च्या ऐवजी ९८ आला म्हणून, दुसऱ्या खंडातल्या सरासरीला गाठण्यासाठी दात काढायचे, हे पटण्यासारखे नाही. शिवाय आपल्या चेहऱ्यावर त्यांची मापे जबरदस्तीने बसवली तर ओठ आत जाऊन तोंड चपटे, वय झाल्यासारखे दिसू शकते.

वेगवेगळ्या समाजांची वेगळी मापे हवीत, हा विचार म्हणून चांगल्या हेतूने आला. गोऱ्यांच्या पट्टीतून इतरांना त्याने सोडवले. पण भारतात आल्यावर त्याला आपला जुना रोग चिकटला. २०१३ साली एका भारतीय नियतकालिकात "मराठा वांशिक लोकसंख्या" अशा शीर्षकाने जबड्यांची मापे प्रसिद्ध झाली. मोजणारे डॉक्टर असतात, त्यांचा हेतू उपचाराचाच असतो, यात आम्हाला शंका नाही. पण जात हा वंश कधीपासून झाला? एकाच गावात, एकाच हवेत, एकच ज्वारी-बाजरी खाणारे शेजारी. मराठ्यांसाठी एक तक्ता, बौद्धांसाठी दुसरा, माळ्यांसाठी तिसरा असे करायचे म्हटले तर रिस्ली मागच्या दाराने परत आत येतो. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने लावल्यामुळे काही बारीक फरक साचले असतीलही, कोणी नाकारत नाही. पण ती बंदी घालणाऱ्यांची करणी आहे, आणि उपचार ठरवण्याइतके मोठे ते फरक नाहीत. मानवी जनुकांतल्या एकूण विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो, हे रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्येच दाखवले. कवटीच्या मापांचा हिशेबही पुढे जवळपास तसाच निघाला. साध्या भाषेत सांगायचे तर तुम्ही आणि तुमच्या सख्ख्या चाळीतला तुमच्याच जातीचा शेजारी यांच्या जबड्यांत जो फरक असू शकतो, तो दोन समाजांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा सहज मोठा असतो.

अशा अभ्यासांसाठी माणसे निवडतात कशी, तेही विचारले पाहिजे. अनेक ठिकाणी दंत महाविद्यालयातलेच विद्यार्थी घेतात, कारण ते हाताशी असतात. निवडीची एक अट पुष्कळदा अशी असते की चेहरा "प्रसन्न" किंवा "प्रमाणबद्ध" हवा. ठरवणारे कोण? तिथलेच डॉक्टर. म्हणजे आपल्याला सुंदर वाटणारे चेहरे आधी निवडायचे, ते मोजायचे, आणि आलेल्या आकड्याला समाजाचे प्रमाण म्हणायचे. वस्तीतल्या किती मुली त्या निवडीत गेल्या असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ठेवण फक्त रक्तातून येते असेही नाही. १९८० च्या दशकात रॉबर्ट कॉरुचिनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी उत्तर भारतात पाहणी केली. एकाच समाजातल्या, पण जाडेभरडे चावून खाणाऱ्या खेड्यातल्या मुलांचे दात, मऊ अन्न खाणाऱ्या शहरी मुलांपेक्षा चांगले जुळलेले आढळले. चावल्याने जबड्याची वाढ होते. आमच्या वस्तीत शाळेतून आलेल्या पोराच्या हातात दोन रुपयांचे बिस्किट आणि चहा देतात, तेव्हा ही पाहणी आम्हाला आठवते. दुधाचे दात किडून लवकर पडले की मागची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताची जागा खाते. "पडणारच आहेत, कशाला भरायचे" असे म्हणू नका. चार वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय राहिली तर वरचे दात बाहेर येतात. नाक चोंदलेले राहून मूल तोंडाने श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. यांतले काहीही जातीचे नाही आणि पुष्कळसे टाळता येते.

तर मग उपचार कधी घ्यायचाच? आम्ही घरोघरी सांगतो ते असे. मुलाला मागच्या दाढा मिटून बसायला सांगा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या सहा मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असतील, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरहून स्पष्ट जास्त, तर दाखवायला न्या. असे दात पडल्यावर, खेळताना, पटकन तुटतात. दाखवणे इथे शोभेसाठी नाही. खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील तर न्या. खालचा जबडा वरच्याच्या पुढे येत असेल, किंवा तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल तर लवकर न्या, कारण वाढत्या वयात चेहरा त्याच बाजूला वाकडा वाढू शकतो. दहा-अकराव्या वर्षापर्यंत वरच्या सुळ्यांचा फुगीरपणा हिरडीत बोटाला लागत नसेल तर तो सुळा आत अडकला असण्याची शक्यता असते. दात इतके दाटीने की ब्रश पोचत नाही आणि हिरड्यांतून रक्त येते, हेही कारण पुरेसे आहे. ओठ किंवा टाळू जन्मतः फाटलेले असेल तर एक दिवसही थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि फाटलेले ओठ-टाळू त्यात येते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, आशाताईंकडे तारीख विचारा. यांतले काहीच नसले तरी सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दातांची ठेवण दाखवून घ्यावी. दाखवणे म्हणजे तार लावणे नव्हे.

आणि यांतले काहीच नाही, फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, तर? आम्ही कोणाला नाही म्हणत नाही. मुलगी स्वतः म्हणत असेल की मला हसताना तोंडावर हात ठेवावा लागतो, वर्गात चिडवतात, तर तिचे ऐकले पाहिजे. मात्र ते तिने म्हटले पाहिजे. बघायला आलेल्या पाहुण्यांनी नाही, मावशीने नाही, "तुमच्या लोकांचे जबडे असेच" असे पुटपुटणाऱ्या कोणी तर नाहीच. असे पुटपुटणे आम्ही स्वतः आमच्या नोकरीच्या काळात वॉर्डात ऐकले आहे, शिकलेल्या तोंडून ऐकले आहे.

डॉक्टरांसमोर बसल्यावर गप्प राहू नका. कालाम सुत्तात भगवंतांनी कालामांना सांगितले ते आपण वंदनेनंतर ऐकतो, पण केसपेपर हातात आला की विसरतो. विचारा : "डॉक्टर, हे नॉर्मल माप कोणाचे आहे? भारतीय मुलांचे धरले तरी एवढाच फरक येतो का?" विचारा : "उपचार नाही केला तर तिच्या तब्येतीला नेमके काय होईल?" दात काढायचे म्हणत असतील तर विचारा : "दात न काढता काही होण्यासारखे आहे का? दात काढल्यावर ओठांचे काय होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आम्हाला असे अनेक भेटले आहेत, त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावले. खरे तर जाणकार डॉक्टर एका कोनावर कधी निर्णय घेतच नाहीत. 'एन' हा बिंदूच कोणाचा थोडा मागे, कोणाचा पुढे असतो. तो हलला की जबडे जागेवर असूनही कोन बदलतो. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातून जेकबसन यांनी १९७५ मध्ये 'विट्स' नावाची दुसरी मोजणी दिली. ती कवटीचा आधार न घेता दातांच्या चावण्याच्या पातळीवरच दोन जबडे ताडून पाहते. दोन मोजण्यांची उत्तरे जुळतात का, हेही विचारायला हरकत नाही.

खर्चाचे आता. खासगी दवाखान्यात तारेला हजारो रुपये लागतात आणि उपचार दीड-दोन वर्षे चालतो. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, या सगळीकडे ऑर्थोडॉन्टिक विभाग आहेत आणि खर्च खासगीच्या मानाने बराच कमी असतो. गर्दी असते, नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून लवकर नाव नोंदवा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. आधी कुठे एक्स-रे काढला असेल तर तो टाकू नका, मागून घ्या, तो तुमचा आहे. खालचा जबडा पुढे असलेल्या मुलांची वाढ अठरा-वीस वर्षांपर्यंत चालू राहू शकते, त्यामुळे "आत्ताच सगळे करून टाका" असा आग्रह धरू नका; डॉक्टर थांबायला सांगतील तर त्यामागे कारण असते. एकदा तार लावली की महिन्या-दीड महिन्याने जावेच लागते. मजुरी बुडते म्हणून मधेच सोडले तर तारेभोवती कीड लागून दात आधीपेक्षा खराब होतात. जाणे जमणार आहे का, कोण घेऊन जाणार, हे घरात आधी ठरवा आणि मगच सुरू करा. तार काढल्यावर रात्री लावायची प्लेट देतात, तीही सांगितले तितके दिवस लावायची असते, नाहीतर दात परत जुन्या जागी सरकतात.